सवारी काय म्हनून राह्यली?

वणीला बदली झाली आणि मी खोली शोधत फिरत होते, तेव्हा एका घरमालकानं मला ना नाव विचारलं, ना गाव, ना लग्न झालं का ते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे तिन्ही विचारल्याशिवाय माणूस माणसाला पाणीसुद्धा देत नाही. हा गृहस्थ दारात उभा, खांद्यावर टॉवेल, आणि पहिला प्रश्न काय, तर "कोळ्याले भेता काय?"

मला वाटलं, खोलीत जाळी लागली असतील म्हणून बिचारा लाजतोय. म्हटलं, "जाळे होय का? मी घेईन नं झाडून."

"झाडून?" मी त्यांच्या आईला काहीबाही बोलले असावे असा त्यांचा चेहरा झाला. "बाई, तिले झाडाचं नसते."

मग मला समोरच्या खोलीत नेलं. शोकेसच्या खालच्या कप्प्यात जुन्या काचा जोडून केलेली पेटी, वर जाळीचं झाकण. आत माती, सागाच्या सालीचा तुकडा, बाटलीच्या झाकणात पाणी. आणि सालीखाली तळहाताएवढी, काळीभोर, केसाळ अशी एक बया बसलेली. माझ्या तोंडून "अगं आई" निघालंच. ते खूश झाले. म्हणाले, "हे सवारी. खोली वरतं हाय, पाहून घ्या."

अख्ख्या मोहल्ल्याचे ते चाचा, म्हणून माझेही चाचा. उभी हयात एसटी चालवण्यात गेलेली. वणी-यवतमाळ, वणी-चंद्रपूर, कोळशाच्या ट्रकांमधून वाट काढत. शोकेसच्या वरच्या कप्प्यात बिनअपघाती सेवेचा बिल्ला मखमलीवर ठेवलेला, खालच्यात कोळी. रिटायर झाल्यावर घरी बसतील तर चाचा कसले? एक जुनी व्हॅन घेतली आणि मोहल्ल्यातली पोरं शाळेत न्यायला-आणायला लागले. पोरांनाही ते सवारीच म्हणत. फरक एवढाच, की ही सवारी गप्प बसायची.

कोळी त्यांना मिळाली ती एका ओळखीच्या आरा मशीनवर. सागाचं लाकूड चिरायला घेतलं तर आतून ही बाहेर आली. मजूर चप्पल काढून धावले, चाचांनी जेवणाचा डबा रिकामा केला आणि तिला त्यात बसवून घरी आणलं. चाचीनं तो डबा त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला. कोळ्यालाही द्यायला निघाली होती, भंगारवाला पळाला.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला आहे, हे कळल्यावर तर चाचांना आभाळ ठेंगणं झालं. मी सांगून दमले, की मी साहेब नाही, डॉक्टर नाही, गायी-बकऱ्यांना सुया टोचणारी बाई आहे. आमचं शिक्षण चार पायांपर्यंत. आठ पायांचं आम्हाला कोणी शिकवलं नाही. पण नाही. "डॉक्टरीनबाई, सवारीनं काल झुरळ खाल्लं नाई, नाडी पाहता काय?" आता कोळ्याची नाडी कुठं असते, हे सांगा मला. मी वरून टॉर्च मारायची, तोंड गंभीर करायची आणि म्हणायची, "गरमी हाय." वणीत हे निदान वर्षातले दहा महिने चालतं.

खरा तमाशा रविवारी. शाळेला सुट्टी, व्हॅन उभी, आणि सवारीच्या पेटीची साफसफाई. चाचा आंघोळ करून, पांढरी टोपी घालून बसत. एका हातात रंगवायचा मऊ ब्रश, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बरणी. टॉर्च धरायला मी. चाची स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या पलीकडे, हातात लाटणं. ते लाटणं पोळ्यांसाठी नव्हतं.

झाकण काढायचं, ब्रशनं हळूच मागून ढोसायचं, सवारी बरणीत गेली की खाल्लेल्या झुरळांचे पाय-पंख वेचायचे, ओली माती काढायची, नवी टाकायची, पाणी बदलायचं. काम एवढंच. पण चाचा ते तासभर चालवत, कारण ती पाय हलवील त्याचा अर्थ सांगायचा असायचा.

कोळ्यानं पुढचे दोन पाय वर केले आणि दात दाखवले, तर शहाणा माणूस काय समजेल? जवळ आलास तर चावीन. चाचा म्हणायचे, "पाहा, हात दाखवून राह्यली. म्हनते, गाडी थांबवा." ती काचेवर चढू लागली की, "टपावर चढून राह्यली. आज बाजार हाय, गर्दी हाय." काचेच्या कडेनं पाय फिरवत गेली की, "खिडकी लागते का पाह्यते. थंडी वाजते तिले." आणि कधी ती कोपऱ्यात अंग चोरून बसली, काही केल्या हलेना, तर चाचा ब्रश खाली ठेवायचे. "बसली. आता तेवढा कोपरा सोडून साफ करू. बसल्या सवारीले उठवाचं नसते." हा त्यांचा कायदाच. म्हणे नोकरीत एकदा खुद्द साहेबासाठीसुद्धा त्यांनी एका म्हातारीला सीटवरून उठवलं नव्हतं.

"चाचा, ते चिडली हाय," मी म्हणायची.

"तुमाले गायीचं समजते, सवारीचं नाई."

मी राळेगावची. गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. मी वाद घालायची, ते ऐकायचे नाहीत, शेवटी चाची ओरडायची, "झाकन लावा वो पयले, मंग भांडा!"

आता ह्या तमाशामागची गोम सांगते. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चाचीला तो दिसत होता. मलाही वाटायचं. चहात साखरेऐवजी मीठ टाकून "आज चहा अलग झाला" म्हणत प्यायले होते ते. गल्लीतून येणारा माणूस तोंड उघडेपर्यंत त्याला सलाम करत नव्हते. आणि असा माणूस रोज सकाळी मोहल्ल्याची पोरं व्हॅनमध्ये भरून कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर जायचा. चाचीचा जीव ती व्हॅन परत फाटकाशी लागेपर्यंत टांगलेला असायचा. तोवर ती चुलीशी बसत नव्हती.

नवरा-बायको भांडत हिंदीत आणि समेट करत वऱ्हाडीत. डोळ्यांचं भांडण अर्थातच हिंदीत.

"ऑपरेशन करा लो, मैं हाथ जोडती."

"किसका ऑपरेशन? जो आदमी मकडी का पैर हिला तो बता देता, उसका?"

झालं. पुढं बोलायची सोयच नाही. दर रविवारी चाचा आम्हा दोघींसमोर कोळ्याचा पाय कुठला हलला ते सांगत आणि आपली नजर शाबूत असल्याचा दाखला स्वतःच स्वतःला देत. पेटी साफ होत होती ती कोळ्यासाठी नाही, ह्या दाखल्यासाठी, हे मला हळूहळू समजलं. चाचांना डोळ्याला हत्यार लावू द्यायची भीती होती. कोळ्याच्या पेटीत बेधडक हात घालणारा हा माणूस, डोळ्यात थेंब टाकायचं म्हटलं तरी संडासात जाऊन कडी लावायचा.

एकदा गावात डोळे तपासणीचं शिबिर लागलं. मी आणि चाचीनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं. रांगेत चाचा अगदी शांत. मला वाटलं, आला माणूस ताळ्यावर. कशाचा ताळा! पुढचे लोक फळ्यावरची अक्षरं वाचत होते आणि हे मागं उभे राहून ती पाठ करत होते. नंबर आला तशी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं थांब्यांच्या नावांसारखी खडाखडा म्हणून दाखवली. तपासणारी पोरगी हुशार. तिनं फळा उलटा केला, मागं दुसरी अक्षरं. चाचा म्हणाले, "हा बोर्ड चुकीचा लावला. हे गाडी आपली नोहे." आणि चालू पडले. मी भर रांगेत हसले, चाचीनं माझ्या पाठीत धपका घातला. पण तिचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

त्यानंतर थंडीत सवारीनं खाणं सोडलं. झुरळ तिच्या अंगावरून फिरायचं तरी ढुंकून पाहायची नाही. सालीखाली जाळं विणून बसली आणि अंगाची रया गेली. चाचांनी मला रोज जिना उतरायला लावलं. मी एकदा आमच्या साहेबांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सुट्टी घ्या थोडे दिवस." शेवटी मी सांगून टाकलं, "चाचा, जनावर हाय, मर्जीनं खाईन." पुढच्या रविवारी चाचांनी पेटी काढली.

त्या दिवशी चाचीच्या हातात लाटणं नव्हतं. शोकेसवर ठेवलेली दळणाची पिशवी घ्यायला ती उंबरा ओलांडून आत आली होती. चाचांनी झाकण काढलं. मी टॉर्च मारला आणि माझी बोबडीच वळली. पेटीत दोन कोळी! एक मधोमध, पाय पसरून. दुसरी सालीच्या मागं, नवीकोरी, चकचकीत. मी ओरडणारच होते, तेवढ्यात मधल्या कोळ्याच्या पाठीवर माझी नजर गेली. पाठीचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं. सवारीनं कात टाकली होती. पाय, केस, दात, सगळं जसंच्या तसं, फक्त आतली बाई उठून गेलेली.

सांगायला तोंड उघडलं, तर चाचांनी बोलायला सुरुवात केली होती.

"पाहा, पाहा. आज कशी समजदार बसली. उजवा पाय हलला, पाह्यला काय डॉक्टरीनबाई?" ते वाकले होते, त्यांच्याच श्वासानं तो पोकळ पाय हलला होता. "म्हनते, बरं वाटून राह्यलं आता. आज खाते ते." ब्रशनं ढोसलं तर कात उचलली जाऊन बरणीच्या तोंडाशी पडली. "पाह्यलं? उपासानं हलकी झाली, पन कशी फटकन चढली गाडीत!"

मी चाचीकडे पाहिलं. चाची पेटीकडे पाहत होती. तांदळातला खडा हात लांब ठेवून टिपणारी बाई ती. तिला सालीमागची जिवंत दिसली होती आणि बरणीपाशी पडलेली पोकळ कातही. तिनं पिशवी खाली ठेवली. कोळ्याच्या पेटीपासून चार हात लांब राहणाऱ्या त्या बाईनं बोटांच्या चिमटीत ती कात उचलली आणि चाचांच्या तळहातावर ठेवली.

चाचांचा चेहरा उजळला. "अरे! हातावर बसली! शांत बसली पाहा."

देवाशपथ सांगते, इतका वेळ आतून हसू फुटत होतं मला, ते तिथंच वाळून गेलं.

चाचीनं त्यांची बोटं हळूच मिटली. आत शेंगाच्या फोलपटासारखं काहीतरी चुरचुरलं. चाचांनी मूठ उघडली, बोटानं चाचपलं. पुन्हा चाचपलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कब से?" चाचीनं विचारलं.

चाचांनी तळहातावरचा चुरा बरणीत झाडला.

"गाडी कैसे चलाते फिर?"

"रस्ता पाठ हाय मले," चाचा खाली मान घालून म्हणाले. "थांबा, खड्डा, गतिरोधक, समदं पाठ हाय."

"और रस्ते पे बच्चे आते, वो भी पाठ हैं?"

चाचीनं खुंटीवरची व्हॅनची किल्ली काढली, पेटीत टाकली आणि झाकण लावलं. "दिखती तो निकाल लो." दुसरी किल्ली आधीच तिच्या बटव्यात गेलेली होती, हे मला मागाहून कळलं. झाकणाला चाचांनी हात लावला नाही. संध्याकाळी जिन्याखालून मला हाक आली, "डॉक्टरीनबाई, तुमच्या बकऱ्याइचं ऑपरेशन करता, तवा दुखते काय त्याइले?" मी म्हटलं, "नाई चाचा. आन तुमचं तं माणसाचा डॉक्टर करनार हाय." पोरांसाठी शेजारच्या गल्लीतल्या गाडीची सोय झाली आणि चाचा यवतमाळला जाऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करून आले.

परत आले ते काळा चष्मा लावून, हिरोसारखे. लागलीच रविवारी पेटी काढली. झाकण काढलं, ब्रश घेऊन हात घातला, आणि जो काय मागं घेतला! "या अल्ला! हे एवढी केसाळ कवा झाली?"

"पयल्यापासून," चाची म्हणाली. "माझ्या डब्यात आनली तवापासून."

चाचांचं बोट काही पेटीत जाईना. दोनदा नेलं, दोनदा मागं घेतलं. चाची हसून हसून जमिनीवर बसली. मी तर टॉर्चच बंद केला. इतकी वर्षं ह्या वाघानं आंधळेपणाच्या जिवावर बहादुरी केली होती! चाचा ओशाळले, फडकं उचललं आणि व्हॅन पुसून येतो म्हणत बाहेर गेले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत, म्हणून आम्ही पाहायला गेलो.

ते व्हॅनच्या डाव्या बाजूला उभे होते. पोरं चढतात-उतरतात ती बाजू. तिथं पुढून मागपर्यंत ओरखडे होते. कुठं भिंतीचा चुना, कुठं पुलाच्या कठड्याचा पिवळा रंग, दाराची कडी वाकलेली. चाचा त्यावरून एकेक बोट फिरवत होते.

"हे कवा लागलं?"

"लागूनच राह्यलं होतं," चाची म्हणाली.

"तू सांगितलं काहून नाई?"

"सांगतच तं होती."

चाचा वाकून एका ओरखड्यापाशी थांबले. तो अगदी दाराला लागून होता. "पोट्टे बसले असन?" त्यांनी विचारलं. चाचांनी हातातलं फडकं व्हॅनच्या टपावर ठेवलं, आत गेले आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. शोकेसमधला बिल्ला त्या दिवसापासून दिसला नाही.

नंतरचे रविवार सुनेच गेले. चाचा जेवत, नमाज पढत, आणि खाटेवर पडत. पेटीला वास मारायला लागला. मी म्हटलं, मी करते साफ, तर म्हणाले, "राहू दे. कोळी हाय तो." त्यांच्या तोंडून "सवारी"च्या जागी "कोळी" ऐकलं आणि मला तो माणूस मेल्यासारखंच वाटलं. माझ्या डोक्यावर बसून बडबडणारा चाचा मला परत पाहिजे होता. भांडायला तरी कोणी पाहिजे ना.

एका रविवारी खाली आले, तर चाची पेटीसमोर मांडी घालून बसलेली. हातात ब्रश, दुसऱ्या हातात बरणी. मला म्हणाली, "टॉर्च मार." तिनं झाकण काढलं. किल्ली आत होती, सवारीनं तिच्यावर पांढरं जाळं विणून पलंगासारखी बैठक केली होती आणि वर बसली होती. चाचीनं ब्रश पुढं केला. सवारीनं पुढचे दोन्ही पाय उचलले, दात दाखवले.

"अवो, पाहा नं," चाची खाटेकडं न पाहता म्हणाली. "काय म्हनून राह्यली?"

"कोळी हाय तो. काय म्हनन?"

चाची थोडी पुढं वाकली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होते. ती वऱ्हाडीत बोलत होती.

"हात दाखवून राह्यली," ती म्हणाली. "म्हनते, पोट्टे समदे घरी पोचले. मोजून घेतले मी. एकबी पडलं नाई, एकालेबी लागलं नाई. म्हनते, आता गाडी डेपोत लावा."

खाट करकरली. चाचा उठून बसले होते. चष्म्यामागं काय होतं ते दिसत नव्हतं.

"खरंच म्हनून राह्यली?"

"मी कायले खोटं सांगू? माझे डोळे बरे हायेत."

ते आले. टेकत टेकत आमच्या दोघींच्या मधे बसले आणि पेटीत पाहिलं. ह्या वेळी भ्याले नाहीत, किंवा भ्याले असतील तर तसेच बसले.

"किल्ली दिसते?" चाचीनं विचारलं.

"दिसते."

"काढू?"

चाचांनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि बाजूची ओली माती हळूहळू ओढायला लागले, जाळ्याला धक्का न लावता.

"राहू दे," ते म्हणाले. "बसल्या सवारीले उठवाचं नसते."